वग पुरता होऊ द्या

मंचरपासून जवळच आमचं गाव. चैत्रातल्या यात्रेचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. सकाळी अभिषेक आणि मांडवडहाळे, दुपारी घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलगाडे, रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी तमाशाचीच हजेरी आणि कुस्त्यांचा आखाडा, हा आंबेगाव-जुन्नरकडच्या यात्रांचा ठरलेला क्रम.

बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली आणि घाट ओस पडले. मग मोर्चे निघाले, निवेदनं गेली, सगळ्या पक्षांचे पुढारी गाडामालकांच्या मागे उभे राहिले. डिसेंबर २०२१मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली, मे २०२३च्या निकालानं ती कायम झाली. मलाही आनंद झाला. पण २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत करोनामुळे यात्रा बंद राहिल्या, तमाशाच्या फडांच्या गाड्या जागेवर उभ्या राहिल्या, तेव्हा कलावंतांसाठी आमच्या गावातून एकही मोर्चा निघाला नाही. गाडामालकाकडे जमीन असते, भावकी असते, मतं असतात. फडातले बहुतेक कलावंत दलित आणि भटक्या समाजांतले. वर्षातले आठ महिने फिरतीवर असणाऱ्या माणसांच्या मागे कोण उभं राहणार?

तमाशा ठरवायला आम्ही नारायणगावला जातो. पाडव्याच्या सुमारास तिथं फडांच्या राहुट्या लागतात. बाहेर फडाचा फलक, आत मॅनेजर आणि तारखांची वही. बोलणी तिथीवर चालतात. चैत्रातल्या अष्टमीला, पौर्णिमेला कितीतरी गावांच्या यात्रा एकाच रात्री येतात, म्हणून त्या रात्रीची सुपारी सगळ्यांत चढी. दुष्काळ पडला, कांद्याचा भाव कोसळला की गावाची वर्गणी कमी होते आणि ते पहिल्यांदा राहुटीत कळतं.

गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग, असा तमाशाचा बांधा. आता तरुण मंडळी गवळण संपताच सिनेमाची गाणी मागतात. गाण्यांत रात्र सरते, वग कसाबसा उरकला जातो. मला हे फार लागतं. कारण वगातच सोंगाड्या राजाला, पाटलाला, सावकाराला जाब विचारतो. एका यात्रेत त्यानं पुढच्या रांगेतल्या पुढाऱ्यांकडे बघून विचारलं, “धरण आमच्या उशाला, मग आमचाच हंडा रिकामा का?” डिंभे धरणाच्या परिसरातली माणसं उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट करतात, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ग्रामसभेत हा प्रश्न कुणी असा धडधडीत विचारला नव्हता. सत्यशोधकांनी आपल्या जलशांसाठी तमाशाचाच बाज घेतला, त्याचं कारण मला त्या रात्री नीट समजलं.

नारायणगाव म्हटलं की विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर आठवतात. पोटुशी असताना त्या फडावर उभ्या राहिल्या, खेळ चालू असतानाच बाळंत झाल्या आणि पुन्हा रंगमंचावर आल्या, ही हकिकत आमच्या भागात घराघरात सांगतात. त्यांना राष्ट्रपती पदक मिळालं, तरी अखेरचे दिवस हलाखीत गेले. २००२ साली त्या गेल्या. पुढे राज्य शासनानं त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पुरस्कार हवाच. पण बाळंतपणाच्या कळा सोसून नाचावं लागणं ही अभिमानानं सांगायची गोष्ट नाही. त्या बाईला एक रात्र विसावा देण्याची सोय कुणाकडेच नव्हती, हे आपण पाहुण्यांना सांगत नाही.

म्हणून यात्रेच्या गेल्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडल्या. फड येईल त्या दिवशी शाळेच्या खोल्या, पाणी आणि बायांसाठी बंदिस्त न्हाणीघर तयार हवं. ठरलेली रक्कम हजेरी संपताच पुरती हातात पडावी, त्यात घासाघीस नको. आणि वग पुरा व्हावा, मध्येच गाण्यांच्या फर्माईशी करू नयेत. पहिल्या दोन लगेच मंजूर झाल्या. तिसरीवर वाद झाला. एक ज्येष्ठ पुढारी म्हणाले, “वगात आमचीच उतरवतात, ते कशाला पुरं ऐकायचं?” मी म्हणालो, “अण्णा, त्यासाठीच. वर्षभर गाव तुमचं ऐकतं, एक रात्र तुम्ही गावाचं ऐका.” ठराव मताला टाकला आणि तो मंजूर झाला.