पाण्यावरचे अर्थिंग

म्हशाच्या आमच्या घरामागे एक खड्डा आहे. अब्बांनी विजेचे मीटर घेतले तेव्हा वायरमनने तो खणून घेतला. तळाशी तांब्याची पट्टी, वर कोळसा आणि जाडे मीठ यांचे थर. एप्रिल-मे महिन्यांत त्यात रोज बादलीभर पाणी ओतणे हे लहानपणी आमचे काम होते. जमीन कोरडी पडली की अर्थिंग नीट काम करत नाही आणि फ्रिजला हात लावताच झिणझिण्या येतात, एवढे विज्ञान आम्ही पुस्तकाआधी त्या खड्ड्यापाशी शिकलो. पुढे बी.एड. झालो, उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवू लागलो. तरी अर्थिंग म्हटले की डोळ्यांसमोर तो खड्डाच येतो.

म्हणून मामेभावाने फोनवर विचारले, "भाई, बोटीला अर्थिंग कुठं करायचं?" तेव्हा आम्ही गप्प झालो. बोटीखाली जमीन कुठली?

आमचे आजोळ रत्नागिरीच्या राजिवड्याचे. मामूंची सारी हयात तांडेलकीत गेली. 11 नोव्हेंबर 2009 रोजी फयान वादळ कोकण किनाऱ्यावर आले तेव्हा मामू समुद्रात होते. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो. दोन रात्री मुमानी मुसल्ल्यावरून उठल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मामू आले. त्यांच्याबरोबर निघालेल्या होडीतला एक तरुण मात्र कधीच आला नाही. मामूंच्या बोटीवर वायरलेस होता. बॅटरी भरलेली होती, सेटचा दिवाही लागत होता. पण कितीही हाका मारल्या तरी पलीकडे आवाज पोहोचला नाही. नंतर अँटेनाच्या वायरचे टोक कापून पाहिले, तर आत तांब्याच्या जागी हिरवी-काळी भुकटी. खारे पाणी वायरच्या पोटात शिरले होते. मामूंनी दोष वायरला दिला नाही, यंत्राला दिला. पुढे कित्येक वर्षे त्यांच्या बोटीवर होकायंत्राखेरीज काही चढले नाही.

आता मुलगा बोट चालवतो. त्याने फायबरची नवी बोट घेतली आणि बाजारातल्या एका फिटरकडून जीपीएस, फिश फाइंडर आणि वायरलेस बसवून घेतले. पहिल्याच हंगामात तक्रारी सुरू झाल्या. इंजिनाला स्टार्टर मारला की जीपीएस बंद पडून पुन्हा सुरू होई. इंजिन चालू असेतो वायरलेसमध्ये शिट्टी वाजे. सर्वांत वाईट म्हणजे होकायंत्र एक दिशा सांगे आणि जीपीएस दुसरी. थोडाफार फरक पाण्याच्या ओढीनेही पडतो, पण हा फार होता. मामू एकदा बरोबर गेले, त्यांनी हे पाहिले आणि हुकूम सोडला, "हे डबडं खोटं बोलतंय. हे असेतो किनारा दिसेल तिथवरच जायचं." किनारा दिसेल तिथवरच्या मासळीवर बोटीच्या कर्जाचे हप्ते फिटत नाहीत. बापलेकांचे बोलणे जवळजवळ बंद झाले होते.

2025च्या बकरी ईदला, म्हणजे 7 जूनला, आम्ही राजिवड्यात होतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. बोट किनाऱ्यावर ओढून शाकारलेली होती. आमची शाळा 16 जूनला उघडणार होती. पिशवीत मल्टीमीटर, डोक्यात म्हशाचा खड्डा.

खरे सांगायचे तर पहिली चूक आम्हीच करणार होतो. बोटीच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकून सगळ्या यंत्रांच्या निगेटिव्ह वायरी त्याला जोडाव्यात, असा आमचा बेत होता. मोहल्ल्यातल्या एका चाचांनी आम्हाला थांबवले. त्यांची उमर जहाजावर इलेक्ट्रिशियनच्या नोकरीत गेली होती. ते म्हणाले, "मास्तर, निगेटिव्ह म्हणजे अर्थ नव्हे. निगेटिव्ह ही करंटची घरी परतायची वाट. ती बॅटरीपाशीच संपली पाहिजे. अर्थ आहे तो आसमानातल्या विजेसाठी." बारा वर्षे वर्गात विद्युतधारा शिकवत असूनही हा फरक आम्ही इतका स्वच्छ कधी सांगितला नव्हता.

फिटरने नेमकी ही परतीची वाटच इंजिनाच्या एका गंजलेल्या बोल्टला बांधली होती. बॅटरीच्या टोकांवर मीटर 12.6 व्होल्ट दाखवत होते. यंत्रे चालू केली की सेटच्या मागे 11सुद्धा भरत नव्हते. बारीक वायर, पीळ मारून टेप गुंडाळलेले जोड आणि वर तो बोल्ट. अशा जोडाला गंज चढला की करंट दुसरी वाट शोधतो, आणि ती शाफ्ट-पंख्यातून खाऱ्या पाण्यात गेली तर धातू खाल्ला जातो. पंखा वाचावा म्हणून तळाला जस्ताचा तुकडा लावतात. जस्त आधी झिजते, पंखा वाचतो. रंगाऱ्याने त्या जस्तावरही निळा रंग मारला होता! रंगवलेले जस्त म्हणजे बांधून ठेवलेला पहारेकरी. आम्ही तो रंग खरवडला.

मग जाड, कल्हईच्या तांब्याची वायर घेतली. प्रत्येक यंत्राला वेगळा फ्यूज, दोन्ही वायरी थेट बॅटरीच्या पेटीपर्यंत, आणि स्टार्टरसाठी बॅटरी वेगळी. अँटेनाचा जोड पाणी न शिरणाऱ्या टेपने बंद केला. वायरला सेटआधी खाली झोल दिला, म्हणजे पाणी तिथून टपकून जाते. विजेसाठी डोलकाठीच्या टोकाला तांब्याची सळई, तिथून जाड वायर शक्य तितकी सरळ खाली, कुठे काटकोन नाही, कारण वीज तीव्र वळण घेत नाही, उडी मारते. खाली पाण्यात बुडणाऱ्या भागात सुमारे एक चौरस फुटाचा तांब्याचा पत्रा, बिनरंगाचा. म्हशाला मीठ विकत आणून खड्ड्यात घालावे लागते. इथे ते फुकट आणि अथांग. तरीही चाचांनी बजावले की याने धोका कमी होतो, टळत नाही.

होकायंत्राचे कोडे शेवटी सुटले. फिटरने वायरलेसचा स्पीकर त्याच्यापासून वीतभर अंतरावर बसवला होता, आणि स्पीकरच्या पाठीत लोहचुंबक असतो. आम्ही मामूंना बोलावले. त्यांनी स्पीकर स्वतः सोडवून लांब नेला, तबकडी फिरली. जवळ आणला, पुन्हा फिरली. तीन-चार वेळा केले.

"म्हणजे माझं होकायंत्र खोटं बोलत होतं?"

"दोघंही खोटं बोलत नव्हते, मामू. त्यांना एकमेकांशेजारी बसवलं, तिथं चूक झाली."

ते ताडपत्रीखाली बराच वेळ पावसाकडे बघत बसले. मग फयानच्या रात्रीची ती वायर कशी दिसत होती, हे त्यांनी पहिल्यांदाच मुलाला तपशिलाने सांगितले.

त्या रात्री जेवताना आम्ही त्यांना एक गोष्ट सांगितली. 'आईन-ए-अकबरी'त जहाजावरच्या माणसांची यादी आहे. त्यात नाखुदा आहे, तांडेल आहे आणि 'मुअल्लिम'ही आहे. समुद्र कुठे खोल, कुठे उथळ हे ज्याला कळते आणि ताऱ्यांचे ज्ञान ज्याला आहे, तो मुअल्लिम. पंधराव्या शतकातले इब्न माजिद असेच मुअल्लिम. त्या काळचे अरब खलाशी गाठी मारलेली दोरी आणि लाकडी फळी घेऊन ध्रुवताऱ्याची उंची मोजत. त्या फळीला 'कमाल' म्हणत. आपल्या किनाऱ्यावरचा 'मालम' हा शब्द याच मुअल्लिमचा. आणि उर्दूत मुअल्लिम म्हणजे शिक्षक. मामू हसले. "मग हप्ताभर दोन मुअल्लिम भांडत होते म्हणायचं."

30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरमध्ये एक लाख मासेमारी नौकांवर ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली. इस्रोच्या तंत्रज्ञानाने किनाऱ्यापासून दूर असतानाही संदेश पाठवता येतो, संकटात हाक मारता येते. चांगलीच गोष्ट आहे. पण यंत्राच्या मागची वायर हंगामात एकदा तरी उघडून कोण बघणार, हे आमच्या मनातून जात नाही. फयानच्या रात्रीही सेटचा दिवा लागलेला होताच.

बंदी उठल्यावर समुद्र निवायला आणखी काही दिवस गेले. मग एका रात्री म्हशाला फोन वाजला. मामू होते. पोरगा किनारा दिसेनासा होईल इतका आत गेला होता. मामू घरातल्या वायरलेसपाशी बसले होते.

"आवाज साफ येत होता, आता आत गेला, येत नाही. होकायंत्र आणि ते तुझं डबडं एकच बोलतात म्हणाला." मग थोडे थांबून, "मुमानीला झोप म्हटलं, ती बसलीय. तू घरामागच्या खड्ड्यात पाणी घातलंस का?"

बाहेर धो धो पाऊस पडत होता. आम्ही म्हणालो, "घातलं, मामू."