थोडं धुकं राहिलं तरी चालेल

हिऱ्यांच्या शहरात राहिलं की नजर आधी डाग शोधते. सुरतेच्या महिधरपुऱ्यातल्या हिरेबाजारात दहापट भिंगाखाली बारीकसा ठिपका दिसला तरी हिऱ्याचा भाव उतरतो. कॅमेऱ्याच्या जुन्या लेन्सलाही मी वर्षानुवर्षं तोच न्याय लावला. आतून पार नितळ झाली नाही, तर ती साफ झाली असं मानायचंच नाही. आज माझं मत तसं राहिलेलं नाही.

इथे लेन्सवर धुकं चढायला फार काही लागत नाही. उन्हाळ्यात फोकसच्या आट्यांतलं ग्रीस तापतं आणि त्याची वाफ डायफ्रामच्या दोन्ही बाजूंच्या काचांवर धरते. पावसाळ्यातल्या दमट हवेत बुरशीचं फावतं. ग्रीसचा थर सहसा आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो. लेन्स उघडायची, ब्लोअरने धूळ उडवायची, ओलसर टिश्यू मधून कडेकडे हलक्या हाताने फिरवायचा. ताजी बुरशीही बहुतेकदा जाते. पण जुन्या बुरशीतून सुटणारं आम्ल काचेवरचं कोटिंग खातं, कधी काचसुद्धा. तिथे पुसण्यासारखं काही उरतच नाही. अशा हट्टी धुक्यावर सिरियम ऑक्साइडचं पॉलिश मारावं, असं मी ठासून सांगत असे.

मत बदललं ते दोन हेलिओस ४४-२ लेन्स शेजारी ठेवल्यावर. एकीच्या आतल्या काचा पॉलिश केलेल्या, तर दुसरीत पुसूनही न गेलेला पुसट पट्टा. ट्यूबलाइटखाली दोन्ही तिरप्या धरल्या. पट्ट्याच्या लेन्समधलं प्रतिबिंब मंद, जांभळट होतं. पॉलिश केलेल्या लेन्समध्ये नळी पांढरीशुभ्र चकाकत होती, म्हणजे धुक्याबरोबर कोटिंगही गेलं होतं. ते असतंच मुळी मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाएवढं जाड. ते नसेल तर काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो आणि हेलिओसमध्ये हवेला लागणारे असे ८ पृष्ठभाग आहेत. झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली कोटिंग शोधलं ते याच परावर्तनावर उपाय म्हणून. मग खिडकीकडे पाठ करून बसलेल्या मित्राचा फोटो दोन्हींनी काढला. पॉलिशवालीने त्याचे काळेभोर केस राखाडी केले, पट्टेवालीने काळेच ठेवले. नितळ दिसणारी लेन्स हरली, हे मला मान्य करावंच लागलं.

शिवाय हाताने घासताना काचेची वक्रता बिघडण्याची भीती असते, आणि बिघडलेली वक्रता घरी सुधारत नाही. पूर्ण काचच दुधाळ झाली असेल, वाचवायला कोटिंगच उरलं नसेल, तर पॉलिशला आजही माझी ना नाही. एखाद्या पट्ट्यासाठी मात्र मी आता ते करू देत नाही.

ती पट्ट्याची हेलिओस मी रोज वापरतो. हूड लावतो, सूर्य थेट समोर घेत नाही, काम झालं की सिलिका जेलच्या डब्यात ठेवतो. पावसाळ्यात मागून टॉर्च मारून बघतो. पट्टा वाढला असेल तर बुरशी जिवंत आहे, मग लेन्स पुन्हा उघडायची. वाढला नसेल तर हात लावायचा नाही.