पहिली चिठ्ठी

माझ्या नातवाला फुटबॉलचे वेड आहे. परभणीच्या आमच्या घरात रात्री उशिरापर्यंत दूरचित्रवाणी चालू असते आणि इंग्लंड-स्पेनमधील खेळाडूंची नावे त्याच्या तोंडी शेजारपाजाऱ्यांच्या नावांइतकी सहज येतात. एकदा संध्याकाळी तो इंग्लंडच्या एफ. ए. करंडकाची सोडत पाहत बसला होता. भांड्यातील क्रमांक घातलेले चेंडू एकेक करून बाहेर काढले जात होते. ज्या संघाचा क्रमांक आधी निघतो, त्याला सामना स्वतःच्या मैदानावर खेळायला मिळतो. ज्याचा मागून निघतो, त्याने प्रवास करून दुसऱ्याच्या गावी जायचे. १८७१ साली सुरू झालेल्या या स्पर्धेचा हा साधा रिवाज आहे. नातवाने सहज विचारले, "आजोबा, ही सोडत खरी असते का? कुणी फसवत नसेल?"

"सगळ्या जगासमोर कोण कशाला फसवील?" असे म्हणून मी वेळ मारून नेली. प्रश्न साधा होता. पण त्याचे उत्तर देण्याचा अधिकार मला नव्हता. कारण अशीच एक सोडत माझ्या हातून झाली होती आणि ती खरी नव्हती.

ही हकीकत १९८७ सालची. त्या वेळी मी परभणी जिल्ह्याच्या उत्तरेकडील डोंगराळ भागातल्या एका शाळेत मराठी शिकवीत होतो आणि हौसेने फुटबॉलचा संघ सांभाळीत होतो. हिंगोली, कळमनुरी, वसमत हे तालुके तेव्हा परभणी जिल्ह्यातच होते; हिंगोलीचा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. शालेय स्पर्धांचे सामने तेव्हा बहुधा एकाच ठिकाणी, जिल्ह्याच्या गावी उरकले जात. खेडोपाडीची मुले पहाटे निघायची, एक सामना हरायची आणि दिवेलागणीला परतायची. जिल्ह्याच्या गावातील मुले मात्र घरी जेवून, सायकलवर टांग मारून मैदानावर यायची. हा अन्याय आम्हां काही शिक्षकांना टोचत होता. म्हणून आठ शाळांनी मिळून वर्गणी काढली, एक करंडक विकत आणला आणि ठरविले की, सामने गावोगावी व्हावेत. यजमान कोण आणि पाहुणा कोण, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. अंतिम सामना तेवढा परभणीला.

गावोगावी सामने म्हणजे काय, हे ज्यांनी मराठवाड्यातला पावसाळा पाहिला आहे त्यांना सांगायला नको. गोदाकाठची काळी जमीन आषाढात पायांना अशी बिलगते की, दहा पावले चालल्यावर प्रत्येक पायाखाली शेर-शेर चिखल होतो. तेथे चेंडू उसळत नाही, धावणारा दमतो आणि ज्याला मैदानाचा सुका कोपरा ठाऊक असतो, तोच शहाणा ठरतो. आमच्याकडचे मैदान मुरमाचे. पाणी लगेच निचरून जाई. चेंडू भलतीकडे उसळे, आणि अनवाणी खेळणाऱ्याचे तळवे सोलून निघत. आमच्या मुलांचे पाय त्या मुरमावर तयार झालेले होते. घरच्या मैदानाचा फायदा म्हणतात तो आमच्या जिल्ह्यात टाळ्या वाजविणाऱ्या गर्दीच्याही आधी मातीतून सुरू होत असे.

आमची शाळा उपान्त्य फेरीत पोहोचली. गाठ पडणार होती ती गंगाखेडच्या पलीकडे, गोदावरीकाठी असलेल्या एका खेड्यातल्या शाळेशी. सोडतीसाठी आम्ही शिक्षक परभणीला एका शाळेच्या खोलीत जमलो. बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा होता. त्यात दोन चिठ्ठ्या टाकल्या. सर्वांनी एकमुखाने सांगितले, "सर, तुम्हीच काढा." मी स्पर्धेचा चिटणीस होतो आणि माझ्यावर सर्वांचा विश्वास होता.

मी पहिली चिठ्ठी उलगडली. तीवर त्या खेड्याच्या शाळेचे नाव होते. म्हणजे ते यजमान, आणि आम्ही दोन एसट्या बदलून ऐंशीएक किलोमीटरवर, काळ्या चिखलात खेळायला जायचे. त्या एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढे मुलांचे चेहरे आले, मुख्याध्यापकांना दिलेला शब्द आला आणि खरे सांगायचे तर माझी स्वतःची हौसही आली. पहिली चिठ्ठी तळहातात तशीच ठेवून मी दुसरी काढली, आणि दोन्ही नावे उलट्या क्रमाने वाचली. चिठ्ठ्या चुरगळून खिशात घातल्या. कुणी त्या पाहायला मागितल्या नाहीत. समोर बसलेल्या गोदाकाठच्या सरांनी मान डोलावली आणि वहीत तारीख टिपून घेतली.

सामन्याच्या दिवशी त्यांची मुले पहाटे निघाली होती. ती दुपारी अडीचला आमच्या गावी उतरली, सामना तीनचा. मैदानाच्या कडेला बसून त्यांनी फडक्यात बांधून आणलेली भाकरी आणि चटणी खाल्ली आणि तशीच खेळायला उभी राहिली. अर्ध्या तासात निम्म्या मुलांचे पाय रक्ताळले. आम्ही तीन विरुद्ध एक असे जिंकलो. शेवटची गाडी चुकल्यामुळे ती सगळी रात्री आमच्या शाळेच्या ओसरीवर झोपली. मी घरून पिठले-भाकरी करवून नेली. मुलांनी ती आनंदाने खाल्ली आणि त्यांचे सर मला म्हणाले, "तुमच्यासारखा यजमान मिळाला, हे आमचं भाग्य." त्या रात्री माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

अंतिम सामना आम्ही हरलो. त्याचे मला काही वाटले नाही. उलट थोडे हलकेच वाटले.

पुढल्या वर्षी मी बैठकीत दोन नियम सुचविले. ज्या शाळेने मागच्या खेपेला प्रवास केला तिला या खेपेला घरचे मैदान मिळावे, आणि पाहुण्यांच्या प्रवासाचा अर्धा खर्च यजमानाने सोसावा. दोन्ही मंजूर झाले. सर्वांनी माझ्या न्यायबुद्धीची तारीफ केली. ज्या गुणाची आपण चोरी केली त्याच गुणासाठी आपला सत्कार व्हावा, यापरती शिक्षा नाही. चार-पाच वर्षांनी वर्गणी आटली आणि तो करंडकही बंद पडला; पण सोडतीचा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. जेथे जेथे खेळाच्या बातम्या वाचीत असे, तेथे माझी नजर आधी सामना कोठे आहे, हे शोधू लागली.

मनाची समजूत घालणारी उदाहरणे पुष्कळ सापडली. परभणी १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होती. त्या राज्याचा पोलीस संघ, रहीमसाहेबांच्या शिकवणुकीत तयार झालेला, मुंबईला कूपरेजच्या मैदानावर जाऊन १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स करंडक जिंकत राहिला. रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मे १९९१ मध्ये हरियाणाने मुंबईला वानखेडेवर, तिच्या घरात, अवघ्या २ धावांनी हरविले. जानेवारी २०१४ मध्ये आपल्या महाराष्ट्राच्या संघानेही त्याच वानखेडेवर मुंबईला बाद केले. तेव्हा, ज्याच्यात धमक आहे तो कोठेही जिंकतो, असे मी स्वतःला सांगत असे. पण हे सांत्वन लंगडे होते. परक्या मैदानावरचा विजय आपल्या स्मरणात राहतो तो दुर्मीळ असतो म्हणूनच. २०२० साली महामारीमुळे युरोपातील मैदाने रिकामी ठेवून सामने झाले, तेव्हा जर्मनीत घरच्या संघांचे विजय एकाएकी घटले. यजमानांच्या पारड्यात गर्दीचे वजन किती असते, हे त्या ओस मैदानांनी दाखवून दिले.

मग वाटे, कुणालाच घर नको. सगळ्यांना त्रयस्थ मैदान द्यावे. २०१६-१७ च्या हंगामात रणजीचे सगळे सामने तसेच खेळविले गेले. यजमान आपल्याला हवी तशी खेळपट्टी करवून घेतो, ही तक्रार त्यामुळे मिटायची होती. ती काही अंशी मिटलीही असेल. पण कुणाच्याच गावचे नसलेले सामने पाहायला कोण येणार? पुढच्याच हंगामात साखळी सामने पुन्हा घरी आणि परगावी होऊ लागले. न्याय झाला होता, पण तो जणू रिकाम्या घरात झाला होता.

मैदानाचा अर्थ मला खऱ्या रीतीने कळला तो मात्र या सगळ्या वाचनातून नव्हे. माझ्या निवृत्तीनंतर परभणीत एका लग्नात ते गोदाकाठचे सर भेटले. केस पांढरे झाले होते, काठी आली होती. जेवणानंतर आम्ही मांडवाबाहेर खुर्च्या टाकून बसलो आणि मी त्यांना सगळे सांगितले. ते रागावतील, निदान उठून तरी जातील, अशी माझी अपेक्षा होती. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सर, हरल्याचं काही नाही. चिखलात तुमची पोरं हरली असती, असंही मी म्हणत नाही. पण त्या वर्षी गावानं मैदान केलं होतं. एका शेतकऱ्यानं नदीकडचा तुकडा पेरला नाही, तसाच सोडला. बायकांनी दगडं वेचली. चिठ्ठी आपली निघंल म्हणून लोकं वाट बघायलेत अन् मी गावात जाऊन सांगितलं, नाही निघाली. पुढच्या साली आमचा संघ पहिल्याच फेरीत गेला. त्या मैदानावर सामना झालाच नाही. मग त्यानं तूर पेरली."

त्यांनी मला क्षमा केली की नाही, हे मी विचारले नाही. उठताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला, एवढेच.

तोवर मी असे समजत होतो की, मी त्या मुलांकडून एक विजय चोरला, आणि तोही कदाचित. वास्तविक मी एका गावाचा दिवस चोरला होता. घरचे मैदान म्हणजे केवळ जिंकण्याची सोय नव्हे. ज्यांच्या पोरांना कधी कुणी पाहत नाही, त्या आईबापांनी आपल्या पोरांना खेळताना पाहण्याची ती एक संधी असते. इंग्लंडमध्ये १९७२ साली हेरफर्ड या लहान गावच्या संघाने बलाढ्य न्यूकॅसलशी त्यांच्या मैदानावर २-२ अशी बरोबरी केली, आणि मग ५ फेब्रुवारीला आपल्या गावी, चिखलाने भरलेल्या मैदानावर, त्यांना २-१ असे हरविले. बरोबरी झाल्यास दुसरा सामना पाहुण्यांच्या घरी, हा तेथला जुना नियम. त्यामुळे लहान गावालाही आपला दिवस मिळे. मुख्य फेऱ्यांतून तो नियम २०२४-२५ च्या हंगामापासून काढून टाकण्यात आला. याउलट २००३ साली फार्नबरो या चिमुकल्या संघाला आर्सेनलविरुद्ध घरचे मैदान लाभले, तर त्यांनी पैशांसाठी तो सामना आर्सेनलच्या मैदानावर नेला आणि ते ५-१ असे हरले. आपला दिवस विकणारेही असतात. पण विकणे हा ज्याचा त्याचा निर्णय. माझ्या हातून झाले ते वेगळे होते.

फ्रान्सच्या करंडकात एक नियम आहे. चिठ्ठी कशीही निघो, दोन संघांमध्ये दोन किंवा अधिक श्रेणींचे अंतर असेल, तर सामना खालच्या श्रेणीतील संघाच्या मैदानावर होतो. जर्मनीतही पहिल्या फेरीत हौशी संघ हेच यजमान असतात. हे प्रथम वाचले तेव्हा मी चमकलो. निघालेल्या चिठ्ठीचा क्रम तेही उलटा करतात आणि मीही केला होता. मग त्यांच्यात आणि माझ्यात फरक कोणता? पुष्कळ विचार केल्यावर उत्तर मिळाले. त्यांनी क्रम बदलला तो सर्वांना सांगून, चिठ्ठ्या डब्यात पडण्यापूर्वी, आणि दुबळ्याच्या बाजूने. मी बदलला तो कुणाला न सांगता, चिठ्ठी उलगडल्यावर, आणि स्वतःच्या बाजूने. नियम आणि कपट यांत एवढेच अंतर असते.

चिठ्ठी आंधळी असते, हा तिचा गुण. तिला श्रीमंत-गरीब, जवळचा-लांबचा कळत नाही. म्हणून डोळस माणसाच्या पक्षपातापेक्षा ती बरी. पण ऐंशी किलोमीटरचे अंतरही तिला दिसत नाही, पोरांचे अनवाणी पायही दिसत नाहीत, आणि कुणी न पेरता सोडलेला शेताचा तुकडाही दिसत नाही. जे तिला दिसत नाही, ते आपण आधी पाहावे, त्याचा नियम करावा, आणि मग तिच्या आंधळेपणाला हात लावू नये. न्यायाची ही दोन्ही कामे आहेत. मी पहिले एका वर्षाने केले, आणि दुसरे त्या दिवशी मोडले.

परवा नातवाच्या शाळेत आंतरवर्गीय सामन्यांची सोडत होती आणि मुलांनी चिठ्ठ्या काढायला त्यालाच निवडले होते. आदल्या रात्री मी त्याला जवळ बसवून ही सगळी हकीकत सांगितली. त्याने पूर्ण ऐकून घेतली. मग जरा थांबून म्हणाला, "आजोबा, मी चिठ्ठी काढीन, पण वाचायला दुसऱ्याला देईन."

मला हे १९८७ साली सुचले नव्हते.