विंचवाचं बिऱ्हाड

लग्नाला सतरा वर्षं झाली, पण आमची ही अजून सहलीला म्हणून कधी गेलेली नाही. आम्ही जातो ते नातेवाइकांकडे. मी आत्याच्या ओसरीवर पान चघळत कोकण बघतो, आणि ही तेच कोकण स्वयंपाकघराच्या खिडकीतून, पोळ्या लाटता लाटता. गेल्या मे महिन्यात परतताना ती एवढंच म्हणाली, "एकदा अशा ठिकाणी झोपायचंय, जिथं सकाळी उठून कुणाची भांडी घासायला नकोत."

हॉटेलचे दर पाहिले आणि ठरवलं, खोलीच बांधायची नि गाडीमागे ओढत न्यायची. अमेरिकेत १९३० च्या दशकात, मंदीच्या दिवसांत, लोकांनी घरच्या घरी असे थेंबाच्या आकाराचे ट्रेलर बांधले. आत दोघांपुरती गादी. मागचं झाकण उघडलं की स्वयंपाकघर. मंदीचं म्हणाल तर ती आमच्याकडे बारमाही आहे.

पुण्याच्या जुन्या बाजारात एका मंडपवाल्याच्या जनरेटरचा सांगाडा मिळाला. दोन चाकं आणि पुढं लांब दांडा. भंगारवाल्यानं तो किलोवर दिला. भरला १४० किलो! आमची मारुती ८००, इंजिन ७९६ सीसीचं. चढावर मलाच उतरून चालावंसं वाटतं. तेव्हा वेल्डरकडून ५० किलो लोखंड कापून घेतलं. म्हणजे पैसे मोजून घेतलेलं वजन पैसे मोजून काढलं, आणि त्याच भंगारवाल्याला पडेल भावानं परत विकलं. खरेदीचा दर नि विक्रीचा दर यांतला फरक मी रोज काउंटरवर लोकांना समजावतो. मला तो त्या दिवशी समजला.

वर पातळ प्लायवुडची पेटी चढवली. आता प्रश्न तोलाचा. एकूण वजनाचा साधारण दहावा भाग पुढच्या दांड्यावर पडावा लागतो. नाहीतर ट्रेलर रस्त्यात शेपटी हलवतो. दांड्याखाली घरातला वजनकाटा ठेवला. बी.कॉम.ला माझा ट्रायल बॅलन्स कधी जुळला नाही, इथं मात्र जुळला : २४० किलोला २६. मी पेढे आणले. हिनं मागं शेगडी मांडली, चहा करायला जरा कडेला टेकली मात्र, दांडा सावकाश वर उठला नि काटा शून्यावर!

"माझं वजन धरलं नव्हतं वाटतं हिशेबात?"

सतरा वर्षांत कधी धरलं नव्हतं, हे मी बोललो नाही. मागं विटांचा टेकू दिला.

मग कळलं की १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात बिनइंजिनाचा ट्रेलरसुद्धा 'मोटार वाहन'च. नोंदणीशिवाय रस्त्यावर न्यायचा नाही. कागद दिलेत. कागद टेबलावरून टेबलावर कसा जातो, हे बँकेतल्या माणसाला सांगायला नको.

परवा शनिवारी रात्री ही उशी घेऊन खाली उतरली. "जाईल तेव्हा जाईल तुमची गाडी!" सोसायटीच्या आवारात, मारुती आणि पाण्याची टाकी यांच्यामध्ये आम्ही झोपलो. रात्री पाऊस झाला. छप्पर एकाच जागी गळलं, माझ्या बाजूला. दूधवाला, पेपरवाला, सेक्रेटरी, सगळे डोकावून गेले. ही साडेआठपर्यंत उठली नाही.

उठल्यावर तिनं मागचं झाकण उघडलं. टेकूच्या विटा पोरांनी स्टंप म्हणून पळवल्या होत्या. मी मुकाट्यानं पुढं जाऊन दांड्यावर बसलो.

"हलू नका हं," ती मागून म्हणाली. चहा तिथंच आला.