लाईट बिल कुणाच्या नावावर आहे?

मंडळी, घरातलं शेवटचं लाईट बिल काढा आणि वरचं नाव वाचा. माणूस हयात आहे का?

हसू नका. गेल्या सहा महिन्यांत जालना शहरात आणि भोकरदन तालुक्यातल्या आमच्या आजोळी मिळून वीस-बावीस घरांची बिलं मी पाहिली असतील. (माझ्या गच्चीवर सोलर बसल्यापासून लोक मलाच विचारायला येतात, जसा काही मी कंपनीचा एजंटच आहे.) त्यातली निम्मी बिलं आजोबांच्या, सासऱ्यांच्या, नाहीतर ज्याच्याकडून घर घेतलं त्या जुन्या मालकाच्या नावावर. बिल भरताना नाव कुणी बघत नाही. भरून घेणाराही विचारत नाही. अडतं ते सबसिडीची वेळ आली की.

आधी माझा हिशेब सांगतो. प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००. मी तीन किलोवॅट बसवलं, खर्च आला १,८५,०००. पण हे पैसे आधी हातात मिळत नाहीत. आधी आपण खिशातून द्यायचे किंवा कर्ज काढायचं, पॅनेल चढवायचे, तपासणी आणि नेट मीटर व्हायचं, आणि मग सबसिडी खात्यात येते. कर्ज तारणाशिवाय मिळतं, पण बँक सिबिल बघतेच. मला मीटर लागल्यावर पाच आठवड्यांनी पैसे आले. पगारदार माणसाला पाच आठवडे निघतात.

चांगल्या उन्हात रोज बारा-तेरा युनिट निघतात, ढगाळ दिवसांत निम्मेसुद्धा नाहीत. पॅनेल पुसावे लागतात. बोअरच्या पाण्याने धुतले की पांढरे डाग पडतात, आणि नळाचं पाणी आपल्याकडे किती दिवसांनी येतं ते तुम्हाला माहीतच आहे. बसवणाऱ्याचा माणूस ‘बिल झिरो’ म्हणाला होता. झिरो होत नाही, स्थिर आकार लागतोच. तरी मी खूश आहे, खोटं कशाला बोलू?

पण माझ्या घरात एसी आहे, फ्रिज आहे, पक्का स्लॅब आहे, घर माझ्या नावावर आहे. मला ७८,००० मिळाले. आता आमच्या मामीचं ऐका.

मामीचं घर पुढून माळवदाचं, मागच्या दोन खोल्या पत्र्याच्या. माळवद कसं गार असतं हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको. सागाची खांडं आणि वर हातभर पांढरी माती. आपल्या मराठवाड्यातली वीज वाचवायची जुनी योजनाच ती, फक्त तिला सबसिडी नव्हती. पण दरवर्षी माती टाकायला माणूस मिळेना, गळायला लागलं, म्हणून मामाने मागे पत्रे टाकले. एप्रिलमध्ये त्या खोलीत दुपारी बसून दाखवा.

मी म्हणालो, "मामी, एक किलोवॅट बसवू. दोनच मोठे पॅनेल लागतात, मागच्या लोखंडी कैच्या मजबूत आहेत, पेलतील." मामी म्हणाली, "आमचं कशाला व्हतंय बाबा ते. ज्याच्या घरी लई लाईट जळती त्याच्यासाठी हाय ते."

तिचं म्हणणं बरंचसं खरं होतं. पण राज्य सरकारने २०२५ मध्ये ‘स्मार्ट’ योजना आणली ती नेमकी अशा घरांसाठी. लक्ष्य पाच लाख घरांचं: दारिद्र्यरेषेखालची १,५४,६२२ आणि महिन्याला १०० युनिटच्या आत वीज जाळणारी ३,४५,३७८. एक किलोवॅटचा खर्च ५०,००० धरलाय. केंद्राचे ३०,००० आहेतच. त्यावर राज्य दारिद्र्यरेषेखालच्या घराला १७,५०० देतं, म्हणजे घरचे फक्त २,५००. १०० युनिटच्या आतल्या सर्वसाधारण घराला राज्याचे १०,००० आणि घरचे १०,०००; अनुसूचित जाती-जमातीच्या घराला राज्याचे १५,०००, घरचे ५,०००. एक किलोवॅटमधून महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट निघतात. मामीचा वापर ७०-८०. तिला पुरून उरेल. योजना चांगलीच आहे, मी नावं ठेवत नाही.

आता अट बघा. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल, तर ऑक्टोबर २०२४ ते सप्टेंबर २०२५ या वर्षात कुठल्याही महिन्यात वापर १०० युनिटच्या वर गेलेला नसावा. कुठल्याही महिन्यात! मामीची बाराही बिलं काढली. अकरा महिने ६५ ते ८५. एप्रिल, ११२.

कारण कूलर. दीडशे वॅटचा कूलर दहा तास चालला की दीड युनिट, महिन्याला पंचेचाळीस. पत्र्याखाली राहणाऱ्या पासष्ट वर्षांच्या बाईने एप्रिलमध्ये कूलर लावला, ही चैन झाली का? त्या १२ युनिटांपायी राज्याचे १०,००० गेले. ही अट मुंबई-पुण्यात बसून केली असेल तर ठीक, पण जालना-परभणीत उन्हाळा वेगळा असतो. वर्षाची सरासरी धरा ना. सरासरी काढली तर मामी ८० च्याही आत बसते. आपल्या आमदारांना एवढं एक वाक्य विधानसभेत बोलायला काय हरकत आहे?

बरं, केंद्राचे ३०,००० तरी घेऊ म्हटलं, तर मीटर आजोबांच्या नावावर. ते जाऊन सोळा वर्षं झाली, मामाही गेले. अर्ज करायचा तर मीटर ज्याच्या नावावर त्याच्याच नावाने. ग्रामपंचायतीचा नमुना आठही आजोबांच्याच नावावर. म्हणजे आधी वारस नोंद, त्यासाठी वारसांच्या सह्या. वारस कोण? मामी, तिची दोन पोरं, माझी आई आणि दोन मावश्या.

आईने सही केली. परभणीच्या मावशीने फोनवर स्वच्छ सांगितलं, "मीटरच्या नावाखाली घर लिहून घेतील." आणि तिचं तरी काय चुकलं? आपल्याकडे बहिणींच्या किती सह्या ‘नुसता कागद आहे’ म्हणून घेतल्या गेल्यात, ते सगळ्यांना माहीत आहे. लाईट बिलावर नाव असणं म्हणजे मालकी नव्हे, आणि वारस नोंदीत तिचंही नाव लागणार आहे, हक्कसोड वेगळी असते, हे समजवायला मी परभणीला दोनदा गेलो. दुसऱ्यांदा वाचून दाखवलं, मग तिने चष्मा लावून स्वतः वाचलं आणि सही केली.

मेळाव्यात पॅनेलचे फोटो लावण्यापेक्षा ग्रामसेवक आणि महावितरणचा माणूस एका टेबलावर बसवून गावोगाव फक्त नाव बदलून द्या. अर्ज आपोआप वाढतील. आणि आणखी एक. २०१५ मध्ये एलईडी बल्बची योजना आली तेव्हा एकदम पैसे भरायची गरज नव्हती, हप्ता लाईट बिलातून कापला जायचा. जुना पंखा ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी तीसेक. तो बिलातल्या हप्त्यावर मिळाला तर भाडेकरूलाही घेता येईल. भाडेकरूला स्वतःची गच्ची नसते.

मामीचा वारस नोंदीचा अर्ज ग्रामपंचायतीत दिलाय. येत्या सोमवारी आमच्या गल्लीतल्या दोघांना घेऊन मी इथल्या वीज कार्यालयात जातोय, नाव बदलायला. आणखी कुणाचं असेल तर शेवटचं बिल, घरपट्टीची पावती, आधार आणि मृत्यू दाखला, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स घेऊन साडेदहाला या. थकबाकी असेल तर आधी भरून या, नाहीतर तिथूनच परत पाठवतात.