गवताचा हिशेब

माझ्या दुसऱ्या कादंबरीचे मानधन आमच्या घोडीने खाल्ले. त्या कादंबरीला याहून चांगला रसिक मिळणार नव्हता, असे एखादा टीकाकार म्हणेल. म्हणो बापडा! पण माथेरानात घोडी ही चैन नव्हे. येथे प्रवाशांच्या मोटारी दस्तुरीनाक्यापाशी थांबतात. पुढे पायी चालता येते, घोड्यावरही बसता येते. मी शाळेत मुलांना गुणाकार-भागाकार शिकवतो. पण घरातली वजाबाकी भरून काढली ती अण्णांच्या घोडीने.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. प्रवासी थांबले, घोडीची भूक कशी थांबणार? डोंगरावर झाडी दाट, पण पोटभर चरायला कुरण नाही. गवत खालूनच आणावे लागते. तशात ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. खालच्या एका माणसाची गंजी भिजली. तो निम्म्या दराने गवत देऊ लागला. म्हणाला, "वरून सुकलंय, मास्तर." मी मनात हिशेब केला: दर निम्मा, म्हणजे तेवढ्याच पैशांत दुप्पट दिवस. चाळीस भारे घेऊन टाकले.

अण्णांनी एक भारा मधोमध सोडला. मूठभर गवत नाकाशी नेले, झटकले. पांढुरकी धूळ उडाली.

"आंबलंय हे. घोडीला घालू नकोस."

"अण्णा, पैसे कुठून आणू?"

अण्णा गप्प बसले. कमावत्या मुलापुढे म्हातारा बाप बसतो, तसे.

चौथ्या रात्री घोडी पाय आपटू लागली. मान वळवून पोटाकडे बघायची, बसायची, लोळायची, पुन्हा उठायची. घोड्याला ओकता येत नाही. आत गेलेले वीष आतच राहते. जनावरांचे डॉक्टर भर पावसात दस्तुरीपासून चालत आले. ते येईपर्यंत अण्णा लगाम धरून तिला अंगणात फिरवत होते, आणि मी कंदील धरून मागे. रात्रभर अण्णांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. त्यांनी रागावायला हवे होते.

पहाटे घोडीने लीद टाकली. अण्णांनी हात जोडले. लिदीला नमस्कार करणारा माणूस मी आयुष्यात तेव्हाच पाहिला. आणि खोटे कशाला सांगू, दुसरा नमस्कार माझाच होता. डॉक्टरांची फी, औषधे आणि फेकलेले गवत मिळून, वाचवलेल्या पैशांच्या तिपटीने खर्च झाला. कादंबरीचे मानधन गेले ते असे.

मग मी अण्णांची शिकवणी धरली. गवत भाऱ्यावर घेऊ नये, तोलून घ्यावे. भारा फुगवता येतो, काटा फुगत नाही. भारा आतून उघडून बघावा. हिरवट छटा, मऊ पाती आणि गोडसर वास असलेले घ्यावे. बी पिकून गळल्यावर कापलेले गवत म्हणजे नुसत्या काड्या. शंभर किलो वजनामागे रोजचे दीड ते दोन किलो सुके गवत लागते. घोड्याचे पोट लहान, म्हणून ते चार वेळा थोडेथोडे घालावे. नवे गवत एकदम देऊ नये. आठवडाभर जुन्यात मिसळत जावे. आणि जमिनीवर फेकू नये, जाळीत बांधावे. पायाखाली तुडवलेले गवत घोडी तोंडात धरीत नाही. आमची खरी बचत त्या जाळीने केली. काटकसर नासाडीत करावी, घासात करू नये, एवढाच त्याचा सारांश.

परवा वर्गात गणित घातले: एक भारा अमुक रुपयांना, तर दहा भारे कितीला? मागच्या बाकावरून एका घोडेवाल्याच्या पोराने विचारले, "गुरुजी, गवत सुकं की भिजलेलं?"

मुले हसली. मी त्याला उत्तराची वाट न पाहता पुरे गुण देऊन टाकले.