लंडनच्या वेशीवरची हिरवी पाटी

मुलांनो, मी तुमच्याएवढी होते तेव्हा आमच्या गावाच्या वेशीवर जकात नाका होता. मालाचा ट्रक आला की आडवा बांबू खाली यायचा. ड्रायव्हर खाली उतरून पावती फाडायचा आणि मग बांबू वर! मालावर जकात असते हे मला ठाऊक होतं. पण धुरावर जकात घेणारं शहर तुम्ही कधी ऐकलंय का? मी ते पाहून आलेय. त्या शहराचं नाव लंडन.

२०२४ च्या मे महिन्यात, सुट्टीत, मी माझ्या ताईकडे गेले होते. ती लंडनच्या वायव्येला हॅरो नावाच्या भागात राहते. एका रविवारी आम्ही जवळच्याच वॉटफर्ड गावाहून भावोजींच्या गाडीतून परतत होतो. लंडनची हद्द सुरू झाली तशी रस्त्याच्या कडेला एक हिरवी पाटी दिसली. "अल्ट्रा लो एमिशन झोन", म्हणजे अगदी कमी धूर सोडणाऱ्या गाड्यांचं क्षेत्र. तिथले लोक त्याला थोडक्यात 'यूलेझ' म्हणतात.

"अहो, पण नाका कुठाय?" मी विचारलं.

मागून माझा भाचा ओरडला, "मावशी, तो बघ खांबावर!"

खांबावर एक कॅमेरा होता. तोच नाका! तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीची नंबर प्लेट वाचतो. तो नंबर कोणत्या गाडीचा, ती किती जुनी, पेट्रोलची की डिझेलची, हे संगणक शोधून काढतो. गाडी नियमात बसत असेल तर एक पैही नाही. साधारणपणे २००६ नंतरच्या पेट्रोल गाड्या आणि सप्टेंबर २०१५ नंतरच्या डिझेल गाड्या नियमात बसतात. बसत नसेल तर दिवसाला साडेबारा पौंड, म्हणजे तेव्हाच्या भावानं सुमारे तेराशे रुपये! मोठ्या जड ट्रकला तर त्याहून कितीतरी जास्त. रात्र असो, रविवार असो, सुटका नाही. नाताळचा तेवढा एक दिवस माफ.

एवढा खटाटोप कशासाठी? त्यासाठी थोडं मागं जायला हवं. निघताना माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका पठ्ठ्यानं विचारलं होतं, "बाई, लंडनला सारखं धुकं असतं ना?" ते धुकं कसलं होतं माहीत आहे? डिसेंबर १९५२ मध्ये घराघरांतल्या कोळशाच्या शेगड्यांचा आणि कारखान्यांचा धूर थंड हवेत अडकला आणि पाच दिवस शहरावर बसून राहिला. हजारो माणसं दगावली. मग १९५६ मध्ये तिथं स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि तो काळा धूर हळूहळू गेला.

पण नंतर दुसरा धूर आला. हा डोळ्यांना दिसत नाही! गाड्यांच्या, विशेषतः जुन्या डिझेल गाड्यांच्या नळकांड्यातून नायट्रोजन डायऑक्साइड हा वायू निघतो आणि केसापेक्षाही कितीतरी बारीक कण निघतात. ते थेट फुप्फुसात जातात.

लंडनच्या आग्नेयेला लुईशम भागात एला नावाची एक मुलगी राहायची. तिच्या घरापासून अगदी जवळून साउथ सर्क्युलर हा वाहनांनी भरलेला मोठा रस्ता जातो. एलाला दम्याचा फार त्रास होता. पुन्हा पुन्हा तिला रुग्णालयात न्यावं लागे. फेब्रुवारी २०१३ मध्ये ती वारली. तेव्हा ती फक्त नऊ वर्षांची होती. तिची आई शिक्षिका होती. माझी मुलगी का गेली, हे शोधायचंच असं त्या माउलीनं ठरवलं. अनेक वर्षं ती झगडली. अखेर डिसेंबर २०२० मध्ये चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं निकाल दिला, की एलाच्या मृत्यूला प्रदूषित हवाही कारणीभूत होती. मृत्यूच्या कारणांत हवेच्या प्रदूषणाची अशी नोंद ब्रिटनमध्ये पहिल्यांदाच झाली.

मुलांनो, हे ऐकल्यावर मला वाटलं, बरं केलं लंडननं. घ्या पैसे! पण दुसऱ्याच दिवशी मला शेजारच्या काकू भेटल्या.

काकू मूळच्या कोल्हापूरच्या. हॅरो आणि वेंब्ली भागात त्या जेवणाचे डबे पोचवतात. पोळी, भाजी, आमटी, भात आणि सणाला पुरणपोळी! त्यांच्याकडे २०१२ सालची डिझेल व्हॅन होती. धुरावरची ही जकात ८ एप्रिल २०१९ ला सुरू झाली तेव्हा ती फक्त लंडनच्या मध्यभागी होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये ती बरीच वाढली, तरी हॅरो बाहेरच राहिलं. मग २९ ऑगस्ट २०२३ ला सारं लंडन तिच्यात आलं.

"त्या दिवसापासून घराबाहेर व्हॅन काढली की साडेबारा पौंड!" काकू सांगत होत्या. "आठवड्याला सहा दिवस डबे. कर बघू हिशेब, बाई आहेस ना तू?"

तुम्हीपण करा. साडेबारा गुणिले सहा, म्हणजे आठवड्याचे ७५ पौंड. वर्षाचे आठवडे ५२, म्हणजे ३९०० पौंड! पहिल्याच आठवड्यात एका दिवसाचे पैसे भरायचे राहिले, तर घरी १८० पौंडांच्या दंडाचं पाकीट आलं. चौदा दिवसांत भरले म्हणून ते निम्म्यावर भागलं.

"डबा महाग केला तर गिऱ्हाईक जाणार, नाही केला तर मी जाणार!" काकू हसत म्हणाल्या. पण त्या हसण्यात हसू नव्हतं.

जुनी गाडी भंगारात काढणाऱ्या लंडनकरांसाठी तेव्हा सरकारी मदत होती. मोटारीला २००० पौंड, छोट्या धंद्यातल्या व्हॅनला त्याहून जास्त. काकूंनी अर्ज केला, मदत मिळाली, उरलेले पैसे कर्जाऊ काढले आणि नियमात बसणारी दुसरी व्हॅन घेतली. त्या कर्जाचे हप्ते अजून चालू होते. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराची तक्रार निराळी. त्याची काही गिऱ्हाइकं हद्दीपलीकडून यायची. हद्दीबाहेरच्यांना ती मदत नव्हती. "जुनी गाडी असलेले आता तिकडेच डाळ-तांदूळ घेतात," तो म्हणाला.

गंमत अशी, की बहुतेकांना पैसे भरावेच लागत नव्हते. २०२३ मध्ये शंभरातल्या सुमारे नव्वद गाड्या आधीच नियमात बसत होत्या. पण उरलेल्या दहा कुणाच्या? बऱ्याचदा ज्यांना नवी गाडी परवडत नाही, त्यांच्याच! म्हणूनच भांडणं झाली. हॅरोसह पाच स्थानिक परिषदा कोर्टात गेल्या आणि जुलै २०२३ मध्ये हरल्या. काही लोकांनी तर रागानं कॅमेऱ्यांच्या वायरी कापल्या. अर्थात, तो काही योग्य मार्ग नव्हे.

मग फायदा झाला का? २०२५ मध्ये लंडनच्या महापौर कार्यालयानं अहवाल काढला. ही योजना नसती तर रस्त्याकडेच्या हवेत जेवढा नायट्रोजन डायऑक्साइड असता, त्यापेक्षा तो २७ टक्के कमी झालाय, असं त्यात म्हटलंय. टायर आणि ब्रेक झिजून उडणारी धूळ मात्र विजेच्या गाड्याही उडवतातच! म्हणजे काम अजून संपलेलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी काकू डबा घेऊन आल्या. मी विचारलं, "काकू, ही जकात बंद व्हावी असं वाटतं का तुम्हाला?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी नात पंप घेऊन शाळेत जाते गं. दमा आहे तिला. बंद कर असं कोणत्या तोंडानं म्हणू? पण आधी आम्हाला जरा उसंत द्यायची होती."

जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा मी ही सगळी गोष्ट वर्गात सांगितली. फळ्यावर दोन खाने आखले. एकात एला, दुसऱ्यात काकू. "आता तुम्ही लंडनचे महापौर. काय कराल?" मी विचारलं. वर्गात नुसता गलका! कुणी म्हणालं पैसे घ्याच, कुणी म्हणालं मुळीच नको. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "बाई, काकूंना आधी नवी व्हॅन द्या. मग पैसे मागा!"

तेवढ्यात शाळा सुटल्याची घंटा झाली. बाहेर फाटकाशी रिक्षा आणि मोटारसायकली उभ्या होत्या. त्यातल्या कितीतरी नुसत्या जागच्या जागी फुरफुरत होत्या. धूर थेट पहिलीतल्या चिमुकल्यांच्या तोंडावर! तीच मुलगी तुरुतुरु गेली आणि आपल्या बाबांना म्हणाली, "बाबा, मी येईपर्यंत गाडी बंद ठेवत जा ना!"

बाबांनी लगेच चावी फिरवली. त्याला ना कॅमेरा लागला, ना साडेबारा पौंड. उद्या तुमच्या शाळेच्या फाटकाशी किती गाड्या नुसत्या चालू उभ्या असतात, मोजाल? आणि आईबाबांनो, त्यातली एक तुमची तर नाही ना, तेवढं पाहाल?